विश्लेषण : तुरुंगात ‘बोर्स्टल’ आणणारे एव्हलिन रगल्स-ब्राइस कोण होते? इंग्लंडमधील कैद्यांची संख्या कशामुळे घटली?

अल्पवयीन आणि तरुण गुन्हेगारांना सराईत कैद्यांबरोबर ठेवू नये, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांचा कारभार १८९५ ते १९२१ अशी सलग २६ वर्षे एव्हलिन रगल्स-ब्राइस या सनदी अधिकाऱ्याच्या हाती होता. त्यांनी सुरू केलेली ‘बोर्स्टल’ ही तरुण कैद्यांसाठीची स्वतंत्र व्यवस्था पुढे भारतासह ब्रिटिश साम्राज्याच्या अनेक भागांत पोहोचली. महाराष्ट्रात १९२९ चा ‘मुंबई बोर्स्टल शाळा अधिनियम’ त्यातूनच आला.

मात्र रगल्स-ब्राइस यांची कारकीर्द म्हणजे केवळ यशोगाथा नाही. कैद्यांना तुरुंगापासून दूर ठेवणाऱ्या उपायांना त्यांच्या काळात मोठे यश आले. भिंतींच्या आतले जीवन मात्र फारच संथपणे बदलले. हे असे का झाले आणि आजच्या भारताला त्यातून काय घेता येईल, याविषयी...

कोण होते रगल्स-ब्राइस?

एव्हलिन रगल्स-ब्राइस यांचा जन्म ६ डिसेंबर १८५७ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील एका जमीनदार कुटुंबात झाला. वडील सॅम्युअल हे खासदार होते. ईटन शाळा आणि ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज असे त्या काळच्या उच्चभ्रू मुलांसारखेच त्यांचे शिक्षण झाले. त्यानंतर ते गृहखात्यात रुजू झाले आणि एकामागून एक चार गृहमंत्र्यांचे खासगी सचिव राहिले. मंत्री बदलत होते, सरकारे बदलत होती, पण फायली त्यांच्याच टेबलावरून जात होत्या. मंत्र्यांची मर्जी आणि खात्याची चाकोरी या दोन्हींची नेमकी जाण त्यांना इथेच आली.

१८९२ मध्ये ते तुरुंग आयोगाचे सदस्य झाले. तीनच वर्षांत, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांच्याकडे आयोगाचे अध्यक्षपद आले. तुरुंगाचा कुठलाही प्रत्यक्ष अनुभव नसलेला, लष्करी पार्श्वभूमी नसलेला माणूस या जागेवर येणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

त्यांच्या हाती तुरुंग आले तेव्हा परिस्थिती काय होती?

१८७७ पर्यंत इंग्लंडमधील बहुतेक तुरुंग स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात होते. कुठे जेवण बरे, कुठे उपासमार. कुठे काम कडक, कुठे नावापुरते. १८७७ च्या कायद्याने हे शंभरहून अधिक स्थानिक तुरुंग केंद्र सरकारच्या ताब्यात घेतले आणि १ एप्रिल १८७८ पासून त्यांचा कारभार नव्या तुरुंग आयोगाकडे आला. पहिले अध्यक्ष होते एडमंड ड्यू केन. ते लष्करातील अभियंते होते. त्यांनी अनेक तुरुंग बंद केले, खर्च कमी केला आणि उरलेल्या सगळ्या तुरुंगांना एकच वेळापत्रक, एकच आहार, एकच नियमावली लावली.

प्रशासन म्हणून ही कामगिरी मोठी होती. पण या एकसारखेपणाचा गाभा होता शिक्षेची जरब. कडक श्रम, निकृष्ट जेवण आणि झोपायला लाकडी फळी. सश्रम कारावासातील कैद्यांना पायऱ्यांच्या भल्यामोठ्या चाकावर (ट्रेडव्हील) तासन्‌तास चढत राहावे लागे. चाक फिरे, माणूस जागच्या जागी राही. कोठडीत बसून हाताने फिरवायचा दांडा (क्रँक) तर अनेकदा कशालाच जोडलेला नसे. डांबर लागलेल्या जुन्या दोरखंडांचे धागे बोटांनी सुटे करणे हे आणखी एक ठरलेले काम. आपापसांत बोलण्यास बंदी होती. काम निरर्थक असणे हाच शिक्षेचा भाग मानला जाई.

ग्लॅडस्टन समितीने काय सांगितले?

१८९४ च्या सुरुवातीला लंडनच्या ‘डेली क्रॉनिकल’ या दैनिकाने तुरुंगांतील स्थितीवर लेखमाला चालवली. त्यातून वादळ उठले आणि त्या वेळचे गृहमंत्री हर्बर्ट अॅस्क्विथ यांनी हर्बर्ट ग्लॅडस्टन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १८९५ मध्ये समितीने अहवाल दिला. त्यातला मुख्य मुद्दा असा की, जरब आणि सुधारणा ही दोन्ही तुरुंगाची उद्दिष्टे असली पाहिजेत आणि ती एकाच वेळी साधली पाहिजेत. तुरुंगातून बाहेर पडणारा माणूस आत जाताना होता त्यापेक्षा शरीराने आणि मनाने बरा असावा, अशी समितीची अपेक्षा होती.

ड्यू केन त्याच वर्षी निवृत्त झाले. अॅस्क्विथ यांनी त्यांच्या जागी रगल्स-ब्राइस यांची निवड केली. ड्यू केन यांच्या हाताखाली असताना दोघांचे फारसे पटत नसे, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे या नेमणुकीचा अर्थ स्पष्ट होता : समितीने सांगितलेले बदल आता प्रत्यक्षात आणायचे.

ऑस्कर वाइल्ड प्रकरणाशी त्यांचा काय संबंध?

रगल्स-ब्राइस यांनी सूत्रे घेतली त्याच वर्षी, मे १८९५ मध्ये, प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड यांना समलैंगिक संबंधांच्या खटल्यात दोन वर्षांची सश्रम कारावासाची शिक्षा झाली. ग्लॅडस्टन समितीचे सदस्य असलेले रिचर्ड हॉल्डेन यांनी तुरुंगात त्यांची भेट घेऊन पुस्तके मिळवून दिली. पुढे रेडिंगच्या तुरुंगात वाइल्ड यांना अधिक पुस्तके आणि लिहिण्याचे साहित्य देण्यास आयोगाने परवानगी दिली. त्या काळच्या नियमांत ही सवलत असाधारण होती.

पण याच प्रकरणाने दुसरी बाजूही दाखवली. १८९७ मध्ये रेडिंगमधील एका तुरुंगरक्षकाने तिथे ठेवलेल्या भुकेल्या लहान मुलाला बिस्किटे दिली. नियमभंग केला म्हणून त्याला नोकरीतून काढले. सुटका झालेल्या वाइल्ड यांनी ‘डेली क्रॉनिकल’ला पत्र लिहून ही गोष्ट जगासमोर आणली आणि मुलांना तुरुंगात ठेवण्यावर टीका केली. प्रसिद्ध कैद्यासाठी नियम वाकला, भुकेल्या मुलासाठी नाही. वरून उदार आणि आत काटेकोर, हा विरोधाभास रगल्स-ब्राइस यांच्या पूर्ण कारकिर्दीत दिसतो.

१८९८ च्या कायद्याने काय बदलले?

ग्लॅडस्टन समितीच्या शिफारशींना १८९८ च्या तुरुंग कायद्याने रूप दिले. तुरुंगाचे नियम संसदेच्या कायद्यात गोठवून ठेवण्याऐवजी ते करण्याचा अधिकार गृहमंत्र्यांना मिळाला. त्यामुळे दर बदलासाठी नवा कायदा करण्याची गरज उरली नाही. कैद्यांचे तीन वर्ग केले गेले आणि कोणाला कुठल्या वर्गात ठेवायचे हे न्यायालयाने ठरवायचे होते. चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेत सूट मिळवण्याची सोय स्थानिक तुरुंगांतील कैद्यांनाही खुली झाली. फटक्यांची शिक्षा बंडाळी आणि कर्मचाऱ्यावरील गंभीर हल्ला एवढ्यापुरतीच राहिली. ट्रेडव्हील आणि क्रँक काही वर्षांत इतिहासजमा झाले व त्यांच्या जागी उपयोगी कामे आली.

याच कायद्यात एक छोटीशी तरतूद होती, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. दंड न भरल्याने तुरुंगात गेलेल्या माणसाने दंडाचा काही भाग भरला, तर तेवढ्या प्रमाणात त्याची कैद कमी व्हावी. पुढच्या मोठ्या बदलाचे बीज इथे होते.

‘बोर्स्टल’ ही संकल्पना काय होती?

रगल्स-ब्राइस यांचे नाव ज्या कामाशी कायमचे जोडले गेले ते हेच. १६ ते २१ वर्षे वयाचे तरुण हे मूलही नाहीत आणि पक्के गुन्हेगारही नाहीत. सराईतपणा याच वयात येतो आणि तो रोखायचा तर याच वयात रोखता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. लहानसहान चोरीसाठी महिनाभर तुरुंगात जायचे, बाहेर यायचे, पुन्हा आत जायचे, या चक्रातून मुलगा फक्त तुरुंगाला सरावतो.

१८९७ मध्ये ते अमेरिकेत गेले. न्यू यॉर्क राज्यातील एल्मायरा इथे १६ ते ३० वयोगटातील कैद्यांसाठी सुधारगृह चालवले जात होते. तिथली कामाची, शिक्षणाची आणि श्रेणी पद्धत त्यांना आवडली, पण ३० ही वयोमर्यादा त्यांना जास्त वाटली. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी कायद्याची वाट न पाहता बेडफर्डच्या तुरुंगात काही मोजक्या तरुणांवर प्रयोग सुरू केला. नंतर केंट परगण्यातील रोचेस्टरजवळच्या बोर्स्टल या गावातील तुरुंग या कामासाठी घेतला. गावाचेच नाव पद्धतीला मिळाले.

दिवसभर कामधंद्याचे शिक्षण, कवायत, संध्याकाळी शाळा आणि वर्तनानुसार वरच्या श्रेणीत बढती असा तिथला दिनक्रम होता. सुटल्यावर पुढे काय, या प्रश्नासाठी ‘बोर्स्टल असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. सुटलेल्या मुलाला काम मिळवून देणे, राहायची सोय पाहणे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. तुरुंगाची जबाबदारी दारापाशी संपत नाही, हा विचार त्या काळात नवा होता.

१९०८ च्या गुन्हे प्रतिबंधक कायद्याने बोर्स्टलला अधिकृत स्थान दिले. न्यायालयाला एक ते तीन वर्षांसाठी तरुणाला तिथे पाठवता येऊ लागले. शिक्षेचा शेवटचा काळ देखरेखीखाली बाहेर काढण्याची सोय झाली. मुलींसाठी आयल्सबरी येथे वेगळी व्यवस्था झाली. त्याच वर्षीच्या बालक कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना तुरुंगात पाठवणे बंद केले.

या पद्धतीवर आक्षेपही होता. एरवी काही महिन्यांची शिक्षा झाली असती अशा गुन्ह्यासाठी मुलाला वर्ष-दोन वर्षे अडकवले जाई. प्रशिक्षणाला वेळ लागतो, असे आयोगाचे उत्तर होते. मात्र कोंडलेल्या मुलासाठी ते प्रशिक्षण असले तरी कैदच होती.

विन्स्टन चर्चिल यांच्याशी मतभेद कशावरून?

फेब्रुवारी १९१० मध्ये चर्चिल गृहमंत्री झाले. बोअर युद्धात ते स्वतः युद्धकैदी होते आणि प्रिटोरियातून निसटले होते. कैदेचा अनुभव असलेला असा गृहमंत्री तुरुंग आयोगाला नवा होता. त्याच महिन्यात जॉन गॅल्सवर्दी यांचे ‘जस्टिस’ हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. कोठडीत एकटा ठेवलेला कैदी हळूहळू कसा खचतो, हे त्यात प्रेक्षकांनी पाहिले.

दीर्घ शिक्षा झालेल्या कैद्यांना सुरुवातीचे तीन ते नऊ महिने एकांत कोठडीत काढावे लागत. रगल्स-ब्राइस यांना हा एकांत आवश्यक वाटत होता. चर्चिल यांनी तो बहुतेकांसाठी एक महिन्यावर आणि पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी तीन महिन्यांवर आणला.

दुसरा वाद सराईत गुन्हेगारांबाबत होता. १९०८ च्या कायद्यात मूळ शिक्षा संपल्यावर आणखी पाच ते दहा वर्षे स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद होती. धोकादायक गुन्हेगारांसाठी केलेली ही तरतूद प्रत्यक्षात किरकोळ चोरांवर चालवली जाऊ लागली. चर्चच्या दानपेटीतून दोन शिलिंग चोरणाऱ्या एका वृद्धाला तीन वर्षे कैद आणि त्यावर दहा वर्षे स्थानबद्धता अशी शिक्षा झाली, तेव्हा या प्रकरणाची देशभर चर्चा झाली. चर्चिल यांनी या तरतुदीच्या वापराला आवर घातला. सुधारणेच्या नावाने लांबवलेली शिक्षा अन्यायकारक ठरू शकते, हे या प्रकरणातून पुढे आले.

मताधिकारासाठी लढणाऱ्या महिला आणि भारतीय क्रांतिकारक त्यांच्या तुरुंगांत होते का?

होय. १९०९ च्या जुलैत मताधिकार चळवळीतील मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात उपोषण केले. इतरांनी तो मार्ग घेतला आणि सप्टेंबरपासून सरकारने नळीने बळजबरीने अन्न देण्यास सुरुवात केली. उमरावाची मुलगी असलेल्या लेडी कॉन्स्टन्स लिटन यांना हृदयविकाराचे कारण देऊन सोडले जाई. म्हणून त्या शिवणकाम करणाऱ्या सामान्य स्त्रीच्या नावाने आणि वेशात लिव्हरपूलमध्ये तुरुंगात गेल्या. तिथे त्यांचे हृदय नीट न तपासताच त्यांना अनेकदा बळजबरीने अन्न देण्यात आले. नियम सर्वांना सारखे असल्याचा तुरुंग खात्याचा दावा त्यामुळे उघडा पडला. मार्च १९१० मध्ये चर्चिल यांनी अशा कैद्यांना स्वतःचे कपडे, पुस्तके अशा सवलती देणारा नवा नियम आणला.

याच काळात मदनलाल धिंग्रा यांना १७ ऑगस्ट १९०९ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात फाशी देण्यात आली. विनायक दामोदर सावरकर यांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली आणि भारतात रवानगी होईपर्यंत ते ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होते. हे दोन्ही तुरुंग रगल्स-ब्राइस यांच्या आयोगाच्या अखत्यारीत होते. शिक्षा आणि प्रत्यार्पणाचे निर्णय अर्थातच न्यायालये व सरकारचे होते. सावरकरांना पुढे ज्या अंदमानात पाठवले, तिथला कारभार भारत सरकारकडे होता. लंडनमधील सुधारणेचे वारे तिथवर पोहोचलेले नव्हते.

कैद्यांची संख्या कशामुळे घटली?

रगल्स-ब्राइस यांच्या काळातील सर्वांत परिणामकारक बदलाचा तुरुंगाच्या आतल्या कारभाराशी फारसा संबंध नव्हता. १९०८-०९ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये ९० हजारांहून अधिक लोक केवळ दंड भरू न शकल्याने तुरुंगात गेले होते. दारू पिऊन गोंधळ, किरकोळ मारामारी अशा गुन्ह्यांसाठी न्यायालय काही शिलिंग दंड करी. पैसे जागेवर नसले की रवानगी थेट तुरुंगात. श्रीमंत माणूस पैसे टाकून घरी जाई आणि मजूर आठवडाभर आत. तेवढ्यात त्याची रोजी बुडे, कधी नोकरी जाई.

हे लोक काही दिवसांसाठीच येत. त्यांना शिकवायला वेळ नसे आणि सुधारण्यासारखे त्यांच्यात काही नसे. पण प्रत्येकाची नोंद, तपासणी, कपडे, कोठडी, सुटका हे सगळे करावेच लागे. खात्याची मोठी शक्ती यातच खर्च होत होती. चर्चिल यांनी हा विषय लावून धरला. तुरुंग आयोगाचाही या बदलाला पाठिंबा होता. अखेर १९१४ च्या फौजदारी न्याय प्रशासन कायद्याने दंड भरण्यासाठी मुदत देणे दंडाधिकाऱ्यांना बंधनकारक केले.

परिणाम मोठा झाला. १९१८-१९ मध्ये दंड न भरल्यामुळे तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास आली. यात पहिल्या महायुद्धाचाही वाटा होता. हजारो तरुण सैन्यात होते, रोजगार वाढला होता आणि दारूविक्रीवर निर्बंध आले होते. पण युद्ध संपल्यावरही जुनी स्थिती परतली नाही. पुढे अनेक तुरुंग बंद करता आले.

मग त्यांच्यावर टीका का झाली?

महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणारे हजारो लोक तुरुंगात गेले. त्यांत शिक्षक, पत्रकार, धर्मनिष्ठ क्वेकर होते. याआधी तुरुंगात जाणाऱ्या बहुसंख्य गरिबांचा आवाज बाहेर पोहोचत नसे. हे कैदी मात्र लिहिणारे होते. त्यांपैकी स्टीफन हॉबहाउस आणि कोलकात्यात जन्मलेले फेनर ब्रॉकवे यांनी १९२२ मध्ये इंग्लंडच्या तुरुंगांविषयीचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. २५ वर्षांच्या सुधारणांनंतरही मौनाची सक्ती, एकांत, विद्रूप केशकर्तन, बाणाच्या खुणांचे कपडे आणि माणसाला क्रमांकात बदलणारी शिस्त कायम असल्याचे त्यातून समोर आले.

या चौकशीला तुरुंग आयोगाने अधिकृत सहकार्य नाकारले होते. इथेच रगल्स-ब्राइस यांच्या पद्धतीची मर्यादा दिसते. सुधारणा वरून, आपल्या खात्याने, आपल्या गतीने करायची. कनिष्ठ कर्मचारी, कैदी किंवा बाहेरच्या टीकाकारांनी त्यात बोलायचे नाही, असा त्यांचा खाक्या होता. ड्यू केन यांच्या काळातील बंदिस्त कारभार वृत्तपत्रांनी उघडा पाडला म्हणून त्यांना ही खुर्ची मिळाली होती. त्या खुर्चीवर बसल्यावर त्यांनी दारे पुन्हा लावून घेतली.

१९२१ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांचे इंग्लंडच्या तुरुंगव्यवस्थेवरील पुस्तक आले. आंतरराष्ट्रीय तुरुंग आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते त्यानंतरही काही वर्षे काम करत राहिले. १८ ऑगस्ट १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. १९२२ मध्ये आयोगावर आलेल्या अलेक्झांडर पॅटरसन यांच्या काळात बाणाचे कपडे आणि केस भादरणे बंद झाले आणि बोर्स्टलमध्ये शिस्तीऐवजी विश्वासावर भर आला. इंग्लंडमधील बोर्स्टल पद्धत १९८२ च्या कायद्याने संपुष्टात आली.

भारतावर काय परिणाम झाला?

भारतात १८९४ मध्ये तुरुंग कायदा झाला. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टन समिती नेमली गेली तेही हेच वर्ष. म्हणजे तिकडे ज्या विचाराची चौकशी सुरू होत होती, तोच इकडे कायद्यात पक्का झाला आणि शतकाहून अधिक काळ टिकला. केंद्र सरकारने आदर्श कारागृह कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला तो २०२३ मध्ये.

१९१९-२० मध्ये अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय तुरुंग समितीने सुधारणा हे तुरुंगाचे उद्दिष्ट मानले आणि तरुण कैद्यांसाठी बोर्स्टलच्या धर्तीवर वेगळ्या संस्थांची शिफारस केली. त्यानंतर मद्रास, पंजाब आणि मुंबई प्रांतांनी असे कायदे केले. नाशिकचे किशोर सुधारालय याच परंपरेतील आहे.

दंडाच्या मुद्द्याचा धडा मात्र आपल्याकडे उशिरा पोहोचला. ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’च्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी होते. जामीन मंजूर होऊनही रक्कम किंवा जामीनदार नसल्याने अडकून राहणारे त्यांत आहेत. दंड भरू न शकल्याने शिक्षा संपूनही आत राहणारे पक्के कैदी वेगळेच. अशा गरीब कैद्यांना आर्थिक मदत देण्याची योजना केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केली. तिचा लाभ किती जणांपर्यंत पोहोचतो, हे जिल्हा पातळीवरील समित्या अशा कैद्यांची प्रकरणे किती तत्परतेने शोधून काढतात यावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये १९१४ मध्ये हीच जबाबदारी कायद्याने दंडाधिकाऱ्यावर टाकली होती. मुदत मागण्याची वेळ गरिबावर येत नव्हती.